आधी बघ, मग हात लाव

९ जानेवारी

प्रिय धांदल,

निवडयादी तूही बघितली असशील. नावं तीन, जागा एक. तिसरा तो दाढीवाला. परिषदेत आपल्या पोस्टरसमोर उभं राहून त्याने आपल्याच कामाचा अर्थ आपल्याला समजावून सांगितला होता, आठवतं ना?

दोन गोष्टी आत्ताच ठरवून टाकू. या विषयावर फोनवर बोलायचं नाही, जे सांगायचं ते लिहून सांगायचं. फोनवर बोललेलं नंतर ज्याला जसं सोयीचं तसं आठवतं. आणि आकडे एकमेकींना कळवायचे नाहीत. संस्थेच्या सूचनेत ते आहेच, पण आपलं आपण ठरवलेलं बरं.

निवडीसाठी मोजायचा गेज ब्लॉक एकच आहे आणि तो फिरणार आहे. आधी दाढीवाल्याकडे, मग तुझ्याकडे, शेवटी माझ्याकडे. ज्याने त्याने आपल्या प्रयोगशाळेत त्याची लांबी मोजायची, त्या आकड्याची अनिश्चितता, म्हणजे तो किती इकडेतिकडे असू शकतो ते, काढायची, अहवाल पाठवायचा आणि डबा पुढच्याकडे रवाना करायचा.

आमच्या काकांना काल हेच सांगत होते. अंगठ्याएवढा स्टीलचा ठोकळा, दोन बाजू इतक्या गुळगुळीत की सपाट काचेवर सरकवत दाबला तर डिंकाशिवाय चिकटतो. काका म्हणाले, "मग त्याची लांबी त्याच्यावर लिहिलेली नसते?"

"असते."

"मग तुम्ही काय मोजता?"

"लिहिलेलं खरं आहे का ते."

काकांनी चष्मा कपाळावर चढवला. मग म्हणाले, "पीएचडी झाली ना तुझी? आता हे पोस्टडॉक काय?" मी सांगितलं, नोकरी, दोन वर्षांची. "म्हणजे नोकरी नाहीच," असं म्हणून त्यांनी पेपर उघडला.

मला ही जागा हवी आहे. लांबीच्या मोजमापात याच्या वरची प्रयोगशाळा आपल्याला मिळायची नाही. तुलाही ती तितकीच हवी आहे, हे मला माहीत आहे. लिहून टाकलं म्हणजे दोघींनाही तोंड लपवायला नको.

तूच ठेवलेल्या नावाने,
कुलूप


४ फेब्रुवारी

कुलूपबाई,

तुझं पत्र आलं तेव्हा मला आधी वकिलाची नोटीस वाटली. सगळ्या अटी मान्य. सही करून पाठवू का, अंगठा पुरे?

डबा आज दुपारी आला. आमचा स्टोअरवाला तो दोन्ही हातांनी धरून वर घेऊन आला आणि म्हणाला, "मॅडम, अंडी मागवलीत का?" आतला फोम बघून तर त्याची खात्रीच पटली. मोजायला इंटरफेरोमीटरची खोली आठवडाभर माझ्या नावावर आहे. आमच्या गाइडसरांनी स्वतःची पाळी सोडून मला दिली, म्हणजे बघ माझं वजन किती वाढलंय ते.

घरी वहिनीला सांगितलं की आपण दोघी एकाच जागेसाठी आहोत. ती म्हणाली, "मग एकीने आत्ताच रडून घ्या. नंतरचा वेळ वाचेल." मी म्हटलं, कुलूप रडत नाही, गळतसुद्धा नाही. वहिनी म्हणाली, "मग तू रड. तुला सवय आहे."

इतकी वर्षं एका बाकावर बसून काढली आपण. तुझी पेन्सिल, माझं खोडरबर. आता एकच ठोकळा दोघींच्या हातून जाणार, याचं मला उगीचच बरं वाटतंय. तुला नसेल वाटत. चालेल. आपल्या दोघींच्या वाटचं मी वाटून घेते.

चल, हात शिवशिवतायत. निघते खोलीकडे.

धांदल


१३ फेब्रुवारी

कुलूप,

माझं मोजून झालं. अहवाल पाठवला. डबाही आज निघाला.

एकच सांगते. डबा उघडलास की आधी बघ, मग हात लाव.

यात आकडा नाही, तेव्हा तुझा नियम मोडलेला नाही.

धांदल


२१ फेब्रुवारी

प्रिय धांदल,

डबा पोहोचला. तुझं पत्रही. पत्र तीनदा वाचलं.

आधी बघायचं आणि मग हात लावायचा, हे आपल्याला पहिल्याच सत्रात शिकवलं होतं. मी न बघता कुठल्याही ब्लॉकला हात लावत नाही, हे तुझ्याइतकं कुणालाच माहीत नाही. मग हे वाक्य कशासाठी? तुझ्या पत्रात एकही थट्टा नाही. वहिनी नाही, स्टोअरवाला नाही. तू चार ओळींचं पत्र लिहिलंस, हेच मला खटकलं. तुला मला काहीतरी दाखवायचं होतं, की मी कशाततरी अडकून पडावं असं वाटत होतं? की उद्या गरज पडली तर "मी तिला सांगितलं होतं" असं म्हणता यावं?

मी बघितलं. ब्लॉकच्या एका पृष्ठावर, डाव्या कडेजवळ, तिरकी रेघ आहे. साध्या डोळ्यांना जेमतेम दिसते. पण काचेची चकती ठेवली की रंगांचे पट्टे तिथे तुटतात. रेघेच्या काठाला उठाव आहे, त्यामुळे तो कोपरा चिकटत नाही आणि ब्लॉक आहे त्यापेक्षा लांब भरतो. मी अनिश्चितता वाढवून आकडा दिला.

अहवाल काल पाठवला. त्यात लिहिलं आहे: "वस्तू मिळाली तेव्हा मापनपृष्ठावर रेघ होती." रेघेचं चित्र काढून सोबत जोडलं. कुणामुळे पडली ते लिहिलं नाही, कारण मला माहीत नाही. संस्थेकडून कळण्याआधी तुला माझ्याकडून कळावं, म्हणून हे पत्र.

आकडे सांगायचे नाहीत असं ठरलं होतं. रेघ म्हणजे आकडा नव्हे. तू सरळ लिहू शकली असतीस.

कुलूप


२८ फेब्रुवारी

कुलूप,

सरळ लिहायचं, तर घे सरळ.

डबा आला त्या दिवशी मी खोलीत गेले आणि ब्लॉक पुसून थेट काचेवर सरकवला. आधी बघितलं नाही. होय, मी. पहिल्या सत्रात शिकवलेलं. मला तो चिकटताना बघायचा होता. एक कोपरा धरेना, म्हणून पुन्हा सरकवला, थोडा जोर लावून. मग चकतीखाली धरला आणि रेघ दिसली.

आता सांग, ती आधीपासून होती की माझ्या सरकवण्याने पडली? मी नंतर बघितलं. नंतर बघणाऱ्याला आधीचं काय सांगता येणार? दाढीवाल्याला मेल करून विचारलं, तुला रेघ दिसली होती का. त्याचं उत्तर आलं, "ब्लॉक उत्तम स्थितीत होता. शुभेच्छा." शुभेच्छांसकट.

म्हणून मी अहवालात लिहिलं, "रेघ माझ्या हाताळणीत पडली असावी."

तुला चार ओळी लिहिल्या कारण पाचवी लिहायला हात उचलेना. वाटलं, निदान तू तरी माझ्यासारखी फसू नयेस. तुला त्यात डाव दिसला. बरोबर आहे, तुला माणूस दिसायच्या आधी त्याचा हेतू दिसतो.

आणि तू लिहितेस, मला आधी कळावं म्हणून पत्र. अहवाल पाठवून झाल्यावरचं "आधी". "वस्तू मिळाली तेव्हा रेघ होती." वस्तू माझ्याकडून मिळाली होती, कुलूप. किती स्वच्छ वाक्य आहे. कुणाचं नाव नाही, आणि बोट बरोबर माझ्याकडे.

वहिनी विचारत होती, निवडीचं उत्तर कधी यायचं. तिला म्हटलं, आलं की.


३० एप्रिल

प्रिय धांदल,

तुझ्या पत्राला मी उत्तर दिलं नाही. निकाल लागेपर्यंत आपण न लिहिलेलंच बरं, असं वाटलं. नंतर तूही लिहिलं नाहीस. जागा मला मिळाली हे तुला कळलंच असेल.

इथे येऊन काही आठवडे झाले. मोजायची खोली तळघरात आहे, एकामागे एक दोन दारं. बाहेरचं लागल्याशिवाय आतलं उघडत नाही. आत वीस अंश, वर्षभर. कोट, टोपी, बुटांवर पिशव्या. एका वेळी दोघांपेक्षा जास्त माणसं आत गेली तर त्यांच्या अंगाच्या उष्णतेने आकडा हलतो, म्हणून बोलणं सगळं बाहेरच्या बाकावर. मुख्य बाई मोजकं बोलतात. माझ्या टेबलावर आधीच्या पोस्टडॉकचा कप होता. तो मी धुऊन कपाटात ठेवला, तर दुसऱ्या दिवशी तो पुन्हा टेबलावर. कुणी ठेवला ते कुणी सांगत नाही.

एक गोष्ट डोक्यातून जात नाही. दाढीवाल्याचे आकडे माझ्यापेक्षा चांगले होते. हे मला इथल्याच एकाने सहज सांगितलं. मग मी का? बाईंना विचारलं. "तुझे आकडे ठीक होते," एवढंच म्हणाल्या आणि दार लागण्याची वाट बघत उभ्या राहिल्या. जे कारण सांगितलं जात नाही त्यावर माझा विश्वास बसत नाही, मग ते माझ्या फायद्याचं का असेना.

तू काय करते आहेस?

कुलूप


१८ मे

कुलूप,

अभिनंदन. मनापासून. थोडं उशिरा, पण मनापासून.

मी एका खासगी तपासणी कंपनीत लागले. कारखान्यांची मापकं येतात, खालच्या मजल्यावर मुलं ती तपासतात, वरच्या मजल्यावर मी प्रमाणपत्रं वाचते आणि सही करते. खाली जात नाही. परवा गाइडसरांनी बोलावलं होतं, नव्या मुलींना ब्लॉक चिकटवून दाखव म्हणाले, तुझ्यासारखा हात नाही कुणाचा. मी म्हटलं, सर, तुम्हीच दाखवा. ते हसले, त्यांना विनय वाटला.

हात थरथरत नाहीत गं. तसं असतं तर डॉक्टरकडे गेले असते. फक्त मला आता त्यांची खात्री वाटत नाही. एखाद्या चांगल्या काट्याने एकदा चुकीचं वजन दाखवावं, तसं. पुढे तो कितीही बरोबर दाखवेना का, आपण दर वेळी दुसऱ्या काट्याकडे बघतो.

दाढीवाल्याला कुठेतरी परदेशी जागा मिळाली म्हणे. शुभेच्छा.

तुझ्याकडे पुन्हा जागा निघाली तर मला कळवू नकोस. वहिनी मी आता घरी वेळेवर येते म्हणून खूश आहे. म्हणजे तसं म्हणते.


११ ऑक्टोबर

प्रिय धांदल,

हे पत्र शेवटपर्यंत वाच आणि मगच ठरव, काय वाटून घ्यायचं ते.

इथे दुसरी जागा निघाली आहे. तू कळवू नकोस म्हणाली होतीस. कळवण्यासाठी लिहीत नाही.

गेल्या आठवड्यात बाईंनी मला तीन नवे ब्लॉक आणि हिऱ्याच्या टोकाची लेखणी दिली. उमेदवारांसाठी तयार कर म्हणाल्या. "एका पृष्ठावर एकेक रेघ. डाव्या कडेजवळ, तिरकी. काठाला उठाव राहील इतका दाब." मी पहिल्या ब्लॉकवर रेघ मारली आणि नेहमीप्रमाणे चकतीखाली धरली. पट्टे तुटलेले दिसले. ही आकृती मी याआधी काढली होती, फेब्रुवारीत, माझ्या हाताने, अहवालासाठी.

बाहेरच्या बाकावर बाईंना विचारलं, "आमच्या वेळच्या ब्लॉकवरची रेघ इथेच मारलेली होती?"

"हो."

"पहिल्याकडे जाण्याआधी?"

"अर्थात. मोजायला तुम्हा तिघांनाही येत होतं. दिसलेलं कोण लिहितं, ते मला बघायचं होतं."

"दाढीवाल्याने?"

"पृष्ठ निर्दोष, असं लिहिलं. त्याचे आकडे फार सुंदर होते." पुढे म्हणाल्या, "इतके सुंदर आकडे त्या ब्लॉकवरून येत नाहीत."

मग मी तुझं विचारलं. तुझी शिस्त चुकली होती हे त्यांनी सांगितलं, पण मुद्दा तो नव्हता. म्हणाल्या, "तिने लिहिलं, माझ्याकडून पडली असावी. कशावरून? पुरावा नसताना केलेला आरोप स्वतःवर केला तरी आरोपच. बघितलं नव्हतं तर 'बघितलं नव्हतं' एवढंच लिहायचं."

मी म्हटलं, "तिने हातात ब्लॉक धरणं सोडलंय."

हे त्यांना माहीत नव्हतं. काही वेळ बुटांवरच्या पिशव्या काढत बसल्या. म्हणाल्या, "एकच ब्लॉक तिघांकडे फिरवला, ते शहाणपणाचं नव्हतं. एकाची रेघ दुसऱ्याच्या माथी जाते. म्हणून या वेळी तीन."

"मी तिला सांगणार आहे," मी म्हणाले.

"मग ती या जागेसाठी अर्ज करू शकणार नाही. परीक्षा माहीत असलेला उमेदवार घेता येत नाही. पुढेही नाही. आणि बाहेर सांगायचं नाही, यावर तू सही केली आहेस."

"माहीत आहे."

"तुझ्या दुसऱ्या वर्षाची मुदतवाढ मार्चमध्ये आहे."

"तेही माहीत आहे. म्हणून सांगण्याआधी तुम्हाला सांगते आहे."

त्या उठल्या. "या वेळी आधी सांगते आहेस खरं," म्हणाल्या, आणि आत गेल्या. त्यांना आपल्या पत्रांबद्दल काही माहीत नाही. पण मला ते वाक्य तुझ्या आवाजात ऐकू आलं.

तेव्हा लिहिते. रेघ तुझ्या हातून पडलेली नाही. तुझ्याकडे येण्याआधी ती होती. दाढीवाल्याकडे जाण्याआधीही होती. तू आधी बघितलं नाहीस, हे खरं आहे आणि ती चूक तुझीच. रेघ तुझी नाही.

हे सांगून मी तुझा इथला रस्ता बंद करते आहे. न सांगता मी तुला अर्ज करायला लावू शकले असते, आणि कदाचित तू केलाही असतास. पण मग ब्लॉक तुझ्या टेबलावर आला असता, त्यावर रेघ असती, आणि तू पुन्हा आपल्या हातांकडे बघितलं असतंस. याहून पुढचा विचार मला करता आला नाही. तुला विचारून ठरवायला हवं होतं, पण विचारणं म्हणजे सांगणंच होतं.

उरलेले दोन ब्लॉक मी केले. काम होतं ते. तिन्ही डबे उद्या निघतील.

कुलूप


२२ ऑक्टोबर

कुलूप,

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मनात आलं ते तसंच लिहिते, तुझ्याकडून शिकले आहे. वाटलं, किती सोयीचं. खरं सांगितल्याचं पुण्यही मिळालं आणि शेजारच्या टेबलावर मी येणार नाही याची सोयही झाली. दोन दिवस तुझ्या पत्रात खोट शोधत होते. इतकं खणलं, इतकं खणलं, की तुलाही अभिमान वाटला असता.

मग वहिनीला वाचून दाखवलं. तिने वेगळीच शंका काढली. म्हणाली, "अगं, तुला बरं वाटावं म्हणून रचून सांगत असेल. मैत्रीण आहे."

तेव्हा मला जे हसू फुटलं ते आवरेना. म्हटलं, वहिनी, माझं ठरलेलं लग्न मोडलं तेव्हा सगळे सांगत होते, तो तुझ्या लायकीचा नव्हता. ही काय म्हणाली माहीत आहे? "मुलगा बरा होता, तूच पत्राला उत्तर द्यायला उशीर केलास." कुणाला बरं वाटावं म्हणून बोलायचं, असलं उपकरणच नाही तिच्याकडे. आणि हे पत्र बघ. चूक तुझीच, हे या पत्रातसुद्धा लिहायला विसरलेली नाही.

वहिनीने पत्र हातात घेऊन ती ओळ पुन्हा वाचली. म्हणाली, "मग खरं असेल."

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत खालच्या मजल्यावर गेले. मुलं बाहेर होती. कपाटातून एक ब्लॉक काढला, साधा, कारखान्याचा, कडा झिजलेल्या. आधी बघितलं. चकतीखाली, दोन्ही बाजू, चारही कोपरे. पट्टे सरळ होते. मग काचेवर ठेवून सरकवला.

चिकटला. काच उलटी धरली, तरी सुटला नाही. मुलं परत आली तेव्हा मी तशीच उभी होते, काच डोक्यावर धरून. एकजण म्हणाला, "मॅडम, छताची उंची मोजताय का?" मी म्हटलं, हो, तुमच्यापैकी कुणी मोजली नव्हती म्हणून.

माझा रस्ता बंद केल्याचा मला राग आहे. जाईल की नाही ते आत्ता सांगता येत नाही. नंतर बघून कळवते.

मार्चमध्ये तुझं काय होतं ते मला आधी कळव. आणि लिहू नकोस. फोन कर.

धांदल